शेवटच्या पंगतीचा माणूस

आमच्या घरमालकांच्या चाळीत माणसाला वाट्टेल ते करायची मुभा होती. मोठ्यानं गाणी लावा, नळावर भांडा, ओटीवर बसून गावाकडच्या बायकोशी फोनवर तासभर रुसवेफुगवे करा, मालक हूं की चूं करायचे नाहीत. उपाशी झोपायची सोय मात्र नव्हती.

मी बोईसरच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. माहेर जव्हारकडचं, रोज घाट उतरून येणं-जाणं काही जमणारं नव्हतं, म्हणून खोली शोधत बोईसरजवळच्या सरावलीत फिरत होते. कुणीतरी ही चाळ दाखवली. ओटीवर एक उंच, हाडापेरानं दणकट म्हातारा खांद्यावर पांढरं फडकं टाकून बसला होता. मी नाव सांगितलं, नोकरी सांगितली, आधारकार्ड पुढं केलं. त्यानं कार्डाकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"चहा झालाय."

"चहाला खाणं म्हणत न्हाईत." आत वळून आवाज दिला, "अगं ए, पोहे टाक. भाडेकरू आलीया, भुकेली हाय."

मी म्हटलं, काका, खोली तरी दाखवा आधी. तर म्हणाले, "खोली कुठं पळून जातीया? बस." ताटली चाटूनपुसून स्वच्छ केल्यावरच मला किल्ली मिळाली. मनात म्हटलं, चला, माणूस जरा सटकलेला दिसतोय, पण खोली हवेशीर आहे.

मालक मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी इकडं आले आणि तारापूरच्या वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या कँटीनवर त्यांनी सगळी नोकरी काढली. आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग आचारी झाले आणि शेवटी अख्ख्या कँटीनचे मुकादम. फस्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट, जनरल, सगळ्या पाळ्या त्यांच्या हातचं खाऊन गेल्या. रिटायर झाल्यावर कँटीन सुटलं, पण ते कँटीनमधून काही सुटले नाहीत. घरातली पळी त्यांना नेहमी लहान वाटायची. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दोघांपुरती आमटी केली की ते डोकावून म्हणायचे, "ही आमटी हाय का तीर्थ?"

आमटीत मीठ किती हे ते चाखून कधीच बघायचे नाहीत. वाफेवर नाक धरायचे आणि म्हणायचे, "चिमूटभर टाक." चाखणं म्हणजे वाढायच्या आधी खाणं, आणि ते त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. कायदा एकच होता. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं.

का, ते मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी नवी गोष्ट. एकदा म्हणाले, आजीनं शपथ घातलीया. एकदा म्हणाले, सुरुवातीच्या दिवसांत मी आधी जेवलो आणि बॉयलरवरचा एक गडी रिकाम्या टोपात बघून परत गेला, त्याचं तोंड अजून दिसतं. एकदा तर सरळ सांगितलं, "शेवटच्या पंगतीला तळाची आमटी मिळती, ती घट्ट असती, म्हणून." खरं कुठलं ते देवाला ठाऊक. काकू म्हणायच्या, "लगीन झालं तवापासनं बघतीया, ह्यांचं असंच हाय."

तर हा कायदा त्यांनी चाळीलाही लावला होता. संध्याकाळी खांद्यावर फडकं टाकून एका टोकापासून निघायचे आणि दारादारात थांबून विचारायचे, "जेवलास काय?" आमच्या शेजारी बनारसकडचा एक वेल्डर होता, तो कंटाळून "हाँ काका, खा लिया" म्हणायचा. मालक त्याच्याकडं क्षणभर बघायचे. "खोटं. भुकेल्या माणसाची मान मला कळती. चल, दोन भाकरी घेऊन जा." पलीकडच्या खोलीत विक्रमगडची एक ताई होती, पॅकिंगच्या कामाला जायची. ती हुशार. मालकांची चाहूल लागली की ती नुसता भात तरी तोंडात कोंबायची आणि गाल फुगवून दारात यायची. "आमी जेवतोच हाय, काका." मग मालक खूश.

सगळी चाळ जेवली की ते घरी जाऊन पाटावर बसायचे. या गोष्टीचा त्यांना भलता अभिमान होता. "आख्ख्या सरावलीत माझ्या मागनं जेवणारं कुणी न्हाई," असं ते छाती पुढं काढून सांगायचे.

माझ्या धंद्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "जेवायला घालायची परीक्षा असती व्हय? आणि त्यात तू पास झालीस?" मी म्हणायचे, काका, कुणाला काय आणि किती घालायचं ते शिकावं लागतं. त्यावर, "भुकेल्याला अन्न घालायचं, पोट भरंस्तोवर. झालं तुझं शिक्षण." मीही काही ऐकून घ्यायची नाही. त्यांचे एकेक गैरसमज होते आणि ते मी तोंडावर खोडून काढायची. म्हातारपणी भूक कमी लागते म्हणून कमीच खावं, हा त्यातला पहिला. रात्रपाळीच्या माणसाला पापडाएवढी तेलकट भजी घालणं हा दुसरा. आमचं असं रोजचं वाजायचं आणि काकू आतून हसायच्या. काकू म्हणजे बुटक्या, चटपटीत, कधी दोन मिनिटं टेकलेल्या मी पाहिल्या नाहीत.

एका हिवाळ्यात मालकांना खोकला धरला. आधी त्यांनी आलं-गूळ खाल्ला, मग ओवा भाजून छातीला शेक घेतला, मग "वसाहतीतला धूर हाय, जाईल" म्हणून अंगावर काढला. एका संध्याकाळी फेरीला निघाले आणि वेल्डरच्या दारात भिंत धरून उभे राहिले. त्याला "जेवलास काय" विचारायलाही दम पुरेना. वेल्डरनं त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि थेट आमच्या हॉस्पिटलात आणलं. न्यूमोनिया. दोन्हीकडचा.

पहिले काही दिवस नुसती भीती होती. मास्क, सलाइन, काकू बाकड्यावर बसून. पण माणूस चिवट. हळूहळू ताप उतरला, ऑक्सिजन सुटला, एक्स-रे निवळला. सगळे म्हणाले, वाचले बुवा.

आमचे छातीचे डॉक्टर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं काम झालं, आता तुझं आहे. मांड्या बघ त्यांच्या. या वयात असा आजार सगळं मांस ओरबाडून नेतो. खोकून बेडका काढायलाही ताकद लागते आणि ती औषधात नाही. हे खाल्ले नाहीत तर परत येतील. आणि परत आले तर मी काही वचन देत नाही."

मी मांड्या बघितल्या. कँटीनच्या भरल्या डेगी उचलणारा माणूस होता हो तो! पायजम्याची नाडी आवळून आवळून संपली होती. उभं राहायला लावलं की दोन्ही हातांनी कॉटची कड धरायचे. बाकीच्या पेशंटांवर ओरडते तशी मी त्यांच्यावरही ओरडले, "काका, आता माझी परीक्षा आणि तुमची पण."

वॉर्डातच अडचण कळली. जेवणाची ट्रॉली यायची, मालकांपुढं ताट ठेवलं जायचं, आणि ते तसंच असायचं. वॉर्डातल्या मावशी गार झालेलं ताट उचलून न्यायच्या. मी विचारलं तर हळूच म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या माणसाला अजून दिलं न्हाई."

"काका, त्यांना नळीनं देतात. त्यांचं पोट भरलंय."

"मग तो दाराजवळचा?"

त्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, तो उपाशीच राहायचा होता. आता या माणसाला काय सांगायचं? सांगितलं असतं तर हेही त्याच्याबरोबर उपाशी राहिले असते. मी सरळ पडदा ओढला.

घरी आणल्यावर वाटलं होतं, आता सुधारतील. तिथं तर आणखी कठीण. वॉर्डातली माणसं निदान एका वेळी जेवत होती. चाळीतला एक जण सकाळी जेवून निजायचा, दुसरा त्याच वेळी डबा घेऊन निघायचा, तिसरा भलत्याच वेळी घरी यायचा. कुणी ना कुणी जेवायचं राहिलेलंच असायचं. धडधाकट होते तेव्हा ते अंगावर निभलं. आता भूक आधीच मेलेली, तोंडाला कडवटपणा, त्यात वासही गेला होता. आमटीच्या वाफेवर नाक धरायचे आणि तसेच बसून राहायचे. "काय बी न्हाई," म्हणायचे. ते तोंड बघवत नव्हतं. आणि वाट बघता बघता जी काही थोडी भूक लागायची तीही मरून जायची. शेवटी दोन घास खायचे, धाप लागायची, आणि ताट बाजूला.

काकूंचाही एक वेगळाच मोर्चा होता. आजारी माणूस म्हणजे हलकं अन्न! मुगाचं पाणी, साबुदाण्याची लापशी, चहात बुडवून बिस्कीट. दही थंड, केळं कफाचं, अंडं उष्ण, मासळी तर नावच नको. मी म्हटलं, काकू, मग खायचं काय, हवा? तीपण थंडीची नको असेल. काकू हसल्या पण बधल्या नाहीत. पुढं त्यांना घेऊन बसले. मुगाचं पाणी टाकून द्यायचं नाही, पण खालचा मूग पण त्यांच्या पोटात गेला पाहिजे. लापशीत तूप आणि शेंगदाण्याचं कूट घाला. अंडं उकडून, कुस्करून, भाताबरोबर. दही ताजं, दुपारचं. भाकरी दुधात मोडून. सरळ बसवायचं, पाठीला उशी, आडवं असताना घोट नाही, आणि एका वेळी ताटभर नाही. थोडं थोडं, दिवसभर. दम लागायच्या आत थांबायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा. काकूंनी सगळं नीट ऐकलं. म्हणाल्या, "म्हंजी तुझं कँटीनच झालं की, सारखी पंगत." म्हटलं, अगदी तेच.

राहिला त्यांचा कायदा. आधी आम्ही खोटं बोलून बघितलं. सगळ्यांनी ठरवून ओळीनं जाऊन सांगायचं, जेवलो. पहिला गेला वेल्डर. मालक उशीला टेकून होते, डोळे मिटलेले. उघडले, बघितलं, आणि पुन्हा मिटले. "ह्येला भाकरी दे गं." झालं, पहिलाच गडी बाद. वेल्डर बाहेर येऊन कपाळाला हात लावून म्हणाला, "मैडम, ये आदमी है कि मशीन? सच में खाना पड़ेगा."

मग खरंच खायचं ठरलं. ज्याची पाळी नसेल त्यानं मालकांच्या खोलीत जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि आधी आपण खायचं. विक्रमगडची ताई सकाळी नाचणीची भाकरी घेऊन बसायची. "मी खाल्ली हां काका. आता तुमी." कामावरून परत आल्यावर मी जायची. एकदा मी नुसतीच वाटी घेऊन बसले तर म्हणाले, "तुझ्या तोंडावर दुपारचं जेवण दिसत न्हाई." दिसत नव्हतं, कारण झालंच नव्हतं. ओपीडीत दिवसभर दुसऱ्यांना जेवा जेवा सांगते, माझा डबा तसाच येतो. म्हणून मुकाट्यानं डबा उघडून त्यांच्यापुढं संपवला. मग त्यांनी अंडं खाल्लं. माझा प्रत्येक डबा संपायला लागला. वेल्डरच्या पँटचं बटण लागेना. चाळभर सगळे गुबगुबीत दिसायला लागलो आणि मालकांच्या गालांवरही किंचित काहीतरी यायला लागलं. ओटीपर्यंत चालत आले त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "गप बसा, शिफ्टवाले झोपल्यात."

आणि अशा सगळ्या आनंदात काकू नळावर चक्कर येऊन पडल्या.

मी आणि ताईनं त्यांना धरून आत आणलं. हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. रक्तदाब खाली. मी विचारलं, काकू, आज काय खाल्लंत?

"जेवायचीच हाय की."

"आणि काल?"

 त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ह्यांचं झालं की जेवती मी. तसंच हाय पयल्यापासनं. पण आता ह्यांचं होतंय कुठं? ह्यांची सारखी पंगत. एक उठली की दुसरी. सांजंला त्यांचं दूध झालं की मग कट्टाळा येतो. कधी खाती, कधी न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालकांना मी दिवसभर थोडं थोडं खायला लावलं होतं, आणि ही बाई त्यांचं जेवण संपायची वाट बघत दिवसभर उपाशी बसत होती. ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या. एक उभा केला तर दुसरी आडवी झाली."

हे सगळं बोलणं मालकांच्या कॉटच्या पायथ्याशी चाललं होतं. मला वाटलं होतं ते झोपलेत. ते उठून बसले होते.

"कोण माझ्यामागनं जेवतं?"



"मी शेवटचा जेवतो," ते म्हणाले. लहान मुलासारखं तेच पुन्हा म्हणाले, "मी शेवटचा जेवतो. सगळ्यांना ठावं हाय."

काकू जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एरवी नवऱ्यापुढं आवाज न चढवणारी बाई. अशक्तपणानं असेल किंवा इतक्या वर्षांचं साठलेलं असेल, पण त्या फाडकन बोलल्या, "तुमी जेवून उठता, हात पुसता, आणि वसरीवर जाता. मी तुमच्याच ताटात वाढून घेती. तुमी मागं वळून कवा बघितलंय? साऱ्या चाळीला इचारता, जेवलास काय, जेवलीस काय. साऱ्या कंपनीला इचारलं. मला कवा इचारलंय?"

 मालक नुसते बघत राहिले. माझा त्यांच्यावर राग होता आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. ज्या एका गोष्टीच्या जोरावर माणूस ताठ चालत आला, तीच कुणीतरी खालून काढून घेतली होती.

आणि मग त्यांनी काय करावं? जेवण टाकलं.

"आधी ती. ती जेवल्याबिगर मी पाण्याला शिवायचा न्हाई."

काकू म्हणाल्या, "ह्यांच्या आधी मी? शोभतं व्हय? कवा न्हाई जेवले."

दुपारचा भात गार झाला. तिसऱ्या प्रहराचं अंडं गार झालं. संध्याकाळचं दूध सायीखाली तसंच. हा एका कॉटवर, ती एका भिंतीशी, दोघंही उपाशी, आणि दोघंही एकमेकांच्या काळजीनं. ताईनं समजावलं, वेल्डरनं हात जोडले. "दोनों ज़िद्दी हैं, मैडम. दोनों चले जाएँगे और हम देखते रह जाएँगे." तिन्हीसांजेला मालकांना खोकला लागला, आणि तो खोकला मला मुळीच आवडला नाही. पोकळ. जोरच नव्हता त्यात, बेडका घशाशी येऊन परत खाली जात होता. डॉक्टरांचे शब्द आठवले. वॉर्डात असा खोकला ऐकलेला आहे मी, पुढं काय होतं तेही पाहिलेलं आहे.

मग माझं डोकंच फिरलं. मी चाळीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि कडाडले, "काकू, उठा. काका, सरका. एकच ताट घ्यायचं. एका वेळी दोघांनी हात घालायचा. कुणी आधी नाही, कुणी मागं नाही. नाहीतर मी आत्ता ॲम्ब्युलन्स बोलावते आणि दोघांना शेजारी शेजारी कॉटवर झोपवून नळ्या घालते!"

नळीचा दरारा मोठा. काकू उठल्या.

भात, घट्ट वरण, तुपाची धार, कुस्करलेलं अंडं. मीच वाढलं. दोघं कॉटवर ताट मधे घेऊन बसली, आणि लाजली हो! या वयात! लग्नात घास भरवतात त्यानंतर एका ताटात कधी जेवली नव्हती ती. काकूंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.  मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, म्हटलं, मी बघत नाही, चला.

 मग ताटावर बोटं फिरल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, "सावकाश. दम लागंल." आणि मग मालक, अगदी हळू, "आनखी वाढून घे. तळाचं घट्ट हाय, ते तू घे."

मी वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि आहारतज्ज्ञानं पेशंटसमोर रडू नये.

त्यानंतर खरी सुधारणा झाली. माझ्या कागदावरचं जेवण एकाच्याऐवजी दोघांच्या पोटात जायला लागलं आणि दोघंही भरून आली. मालक आधी नळापर्यंत गेले, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग एक दिवस मला न सांगता भाजी आणायला बाजारात. वास परत आला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून माझ्याच डब्यावर नाक धरलं आणि म्हणाले, "मीठ ज्यादा झालंय." मला एवढा आनंद कुठल्या शाबासकीनंही झाला नसता. पावसाळ्यात थोडा खोकला झाला, पण तो दणदणीत होता, चाळभर ऐकू जाईल असा. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, असं खोकणारा माणूस परत येत नाही.

चाळीत "जेवलास काय"ची फेरी पुन्हा सुरू झाली. एक मात्र बदललं. दुपारी आणि संध्याकाळी मालकांचं दार थोडा वेळ लोटलेलं असायचं. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, हे आम्हाला न सांगता कळलं होतं. नव्या भाडेकरूनं एकदा पाण्याची तक्रार घेऊन दार वाजवलं, तर ताईनं त्याला कॉलर धरून मागं ओढलं. "थांब जरा. जेवतात ते."

पुढं माझं लग्न झालं, मी पालघरला गेले. जाणं-येणं होतं. उमरोळीला एका पेशंटकडं गेले तरी वाकडी वाट करून सरावलीला जायची आणि उपाशी जायची नाही, कारण पकडले गेले असते. ती दोघं छान होती. मालक थकले, पण आजारपण नव्हतं. आणि मग एका सकाळी ताईचा फोन आला. ते झोपेतच गेले होते. खोकला नाही, धाप नाही, काही नाही.

मी पोचले तेव्हा अंत्यविधी आटोपून माणसं परतली होती. सांगलीहून नातेवाईक निघाले होते, पण पल्ला लांबचा. त्यांच्या भागात प्रेत स्मशानात नेलं की भावकीतले, शेजारचे शिजवून आणतात, कडू घास म्हणतात त्याला. भावकी वाटेत होती, म्हणून तो चाळीनं आणला. ताईनं भात, वेल्डरनं डाळ, कुणी भाकऱ्या, कुणी पिठलं. सगळी भांडी खोलीच्या मधोमध मांडली आणि सगळे भिंतीकडेनं बसले. हात कुणाचाच पुढं होईना. इतक्या माणसांना ज्यानं जेवायला घातलं, त्याच्या खोलीत पहिला घास कुणी घ्यायचा?

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. सकाळपासून त्या रडल्याही नव्हत्या. त्यांच्याकडं बघायची मला भीती वाटत होती. नवऱ्याच्या आधी ही बाई कधी जेवली नव्हती आणि पुढची काही वर्षं त्याच्याबरोबर जेवली होती. आता ती कुणाच्या पाठोपाठ जेवणार, किंवा कुणाबरोबर? अशा किती बायका मी वॉर्डात पाहिल्यात, नवरा गेल्यावर ताटाकडं पाठ फिरवून बसलेल्या. त्यांना काय द्यायचं ते कुठल्याही पुस्तकात नाही.

मी जवळ गेले, गुडघ्यावर बसले. म्हटलं, काकू, एक घास तरी. सगळे थांबलेत.

त्यांनी मान वर केली. खोलीभर नजर फिरवली, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "आधी मला वाढ."

वेल्डरनं दचकून माझ्याकडं पाहिलं. भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. काकूंनी तिकडं लक्षही दिलं नाही.

"मी जेवल्याबिगर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि आज त्यांना लांब जायचंय. उपाशी कशी धाडू? वाढ पोरी, पोटभर वाढ."

मी ताट घेतलं आणि वाढलं.